दोन नावांचा बाजार

कोटेशनचा कागद असा होता: आय-फाइव्ह १२४००, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई, एसएमपीएस, कॅबिनेट. त्याखाली दुसरा पर्याय: रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, बाकी सगळं तेच. दोन्हींच्या बेरजेत फरक किरकोळ. आणि अगदी तळाशी, दोनदा अधोरेखित करून: 'रेट आजच्यापुरता.'

पुस्तकांची आणि मासिकांची मांडणी करून देणं हा माझा व्यवसाय. दिवसाचा बराच वेळ संगणकासमोर जातो, पण त्याच्या पोटात काय आहे याची चौकशी करायची वेळ कधी आली नव्हती. २०१२ साली घेतलेलं मशीन अजूनही ठणठणीत चालत होतं. पण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ माझ्या प्रोसेसरला दारातच अडवू लागलं. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. माझा तिसऱ्या पिढीचा. दिवाळी अंकांची कामं हातावेगळी झाली तशी मी ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड गाठला.

"गेमिंग की ऑफिस?" दुकानदाराने विचारलं.

"पुस्तकं," मी म्हटलं.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर 'ऑफिस' लिहिलं. मग म्हणाला, "मॅडम, पैसे वाचवायचे असतील तर १२४००एफ पण आहे. प्रोसेसर तोच. फक्त ग्राफिक कार्ड वेगळं घ्यावं लागेल, नाहीतर स्क्रीनवर काही दिसणार नाही."

"एफमध्ये ग्राफिक्स नसतं का?"

"असतं. बंद केलेलं असतं."

हे काही माझ्या पचनी पडेना. वस्तू पूर्ण घडवायची, मग तिचा एक भाग बंद करायचा आणि ती स्वस्तात विकायची, हा कुठला व्यापार? मागे कॉलेजची पोरं ताटकळली होती. मी कागदाची घडी घातली, बाहेर येऊन एका रसाच्या दुकानाशी उभी राहिले आणि पुण्याला भाच्याला फोन लावला. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो.

"बरोबर सांगतोय तो, मावशी," भाचा म्हणाला आणि सुटलाच.

त्याच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. प्रोसेसर सुटे सुटे बनत नाहीत. ३०० मिलिमीटर व्यासाची अतिशुद्ध सिलिकॉनची पातळ चकती घेतात, तिला वेफर म्हणतात. तिच्यावर एकाच वेळी शेकडो चिप घडतात. थरावर थर चढवत, शेकडो टप्प्यांतून जात ही चकती पूर्ण व्हायला तीनेक महिने लागतात. इतकी काळजी घेऊनही कुठेतरी एखादा कण बसतो, एखादी रेघ तुटते. दोष पडलेली प्रत्येक चिप फेकून द्यायची म्हटलं तर धंदा बुडेल. म्हणून दोष ग्राफिक्सच्या भागात असेल तर तो भाग कायमचा बंद करून चिप 'एफ' म्हणून विकतात. आकडेमोड करणाऱ्या आठ कोअरपैकी एखादा बिघडला असेल तर दोन बंद करतात आणि सहा कोअरचा प्रोसेसर म्हणून विकतात. रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोअर चालतात; चिपवर घडवलेले असतात आठ. पुढे कारखान्याचा हात बसतो, दोष कमी होतात, पण स्वस्त मालाला मागणी तेवढीच राहते. मग चांगले कोअरही बंद केले जातात.

"म्हणजे मला नापास माल देतोय तो?"

"नापास नाही गं. पास. फक्त वरच्या श्रेणीत नाही."

मी परत आत गेले, तर काउंटरच्या टोकाला एक मुलगा कुणाचा तरी जुना संगणक उघडून बसला होता. कूलर काढून बाजूला ठेवलेला, प्रोसेसरच्या पाठीवर वाळून पापुद्रा धरलेली राखाडी थर्मल पेस्ट. त्याने टिश्यूवर थोडं आयसोप्रोपिल घेतलं, दोन-तीनदा पुसलं, तशी चकचकीत धातूवर बारीक अक्षरं दिसू लागली. प्रुफं तपासणाऱ्या बाईला अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. मी चष्मा खाली ओढला. रायझन ५ ३६००. त्याखाली लांबलचक क्रमांक. आणि मग तीन देश: डिफ्यूज्ड इन यूएसए, डिफ्यूज्ड इन तैवान, मेड इन चायना.

"हा नक्की कुठला?" मी विचारलं.

"एएमडीचा," मुलगा मान वर न करता म्हणाला.

उत्तर बरोबर होतं, पण माझा प्रश्न तिथेच राहिला. घरी आल्यावर मी त्याच्या मागे लागले. त्या धातूच्या झाकणाखाली दोन वेगवेगळ्या चिप असतात. ज्या छोट्या चिपवर कोअर आहेत ती तैवानच्या टीएसएमसी कंपनीने ७ नॅनोमीटरच्या तंत्राने घडवलेली. मेमरी आणि इतर भागांशी देवाणघेवाण करणारी दुसरी चिप ग्लोबलफाउंड्रीज या कंपनीने १२ नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राने अमेरिकेत घडवलेली. दोन्ही एका पट्टीवर बसवून, तपासून, झाकण लावायचं काम चीनमध्ये झालेलं. आणि ज्या एएमडीचं नाव वर ठसठशीत आहे, तिचा स्वतःचा चिप घडवायचा कारखाना एकही नाही. ती फक्त आराखडा काढते.

हे नेहमीच असं नव्हतं. एएमडीने सुमारे चाळीस वर्षं स्वतःच्या चिप स्वतःच्या कारखान्यांत घडवल्या. पण नव्या तंत्राचा एकेक कारखाना अब्जावधी डॉलर मागू लागला, कंपनीचे हात टेकले, आणि २००९ मध्ये अबू धाबीच्या पैशावर ते कारखाने वेगळे काढण्यात आले. त्यांचीच ग्लोबलफाउंड्रीज झाली. या कंपनीनेही २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचा नाद सोडला, तेव्हा एएमडी आपल्या कोअरच्या चिप घेऊन टीएसएमसीच्या दारात गेली. चिपचे छोटे तुकडे करायची युक्ती इथे कामी आली. चकतीवर दोष ठरावीक संख्येने पडणारच. चिप जितकी लहान, तितकी ती दोषातून वाचायची शक्यता जास्त. म्हणून महागड्या तंत्राने फक्त कोअर घडवायचे आणि बाकीचं काम जुन्या, स्वस्त तंत्रावर भागवायचं.

एवढं कळल्यावर दुसरा प्रश्न आला. साबण घ्यायला गेलं तरी वीस नावं असतात, मग माझ्या कोटेशनवर दोनच का?

याचं उत्तर १९८१ मध्ये सापडतं. आयबीएमने आपल्या पहिल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर निवडला. पण एकाच पुरवठादारावर विसंबायची आयबीएमची तयारी नव्हती. माल देणारा दुसरा कोणी हवा, असा तिचा आग्रह होता. म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला आणि आपले आराखडे तिला वापरू दिले. धंदा भरभराटीला आल्यावर इंटेलचं मन बदललं. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरचे आराखडे तिने एएमडीला दिलेच नाहीत. लवाद झाला, खटले झाले, एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणायला १९९१ उजाडलं, आणि भांडण मिटलं ते १९९५ मध्ये. तेव्हापासून एकमेकींच्या हक्कांचे परवाने या दोघींकडे आहेत. ते तिसऱ्याला सहजी मिळत नाहीत, म्हणून विंडोजच्या डेस्कटॉपच्या दुकानात तिसरं नाव दिसत नाही. थोडक्यात, माझ्यासमोर निवड होती ती चाळीस वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या हट्टामुळे.

दोघींचं गोत्रही एकच. १९६८ मध्ये इंटेल काढणारे रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधून बाहेर पडलेले. १९६९ मध्ये एएमडी काढणारे जेरी सँडर्स आणि त्यांचे सहकारीही तिथलेच. आणि या भाऊबंदकीत एक पुण्याचा धागाही निघाला. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि १९९७ मध्ये पेंटियमच्या विरोधात एएमडीने जो के६ उतरवला, त्यामागेही धाम होते.

मला खरा धक्का बसला तो यापुढे. भाच्याने विचारलं, "तुझ्या जुन्या मशीनमध्ये कोअर किती?"

"चार. तूच सांगितलं होतंस मागे."

"२०११ मध्ये इंटेलचा साध्या डेस्कटॉपसाठीचा सगळ्यात वरचा प्रोसेसर होता आय-सेव्हन २६००के. कोअर चार. २०१७ च्या जानेवारीत त्याच जागी आला ७७००के. त्याचे किती असतील?"

मी म्हटलं, आठ-दहा असतील.

"चार."

सहा वर्षांत एकही वाढला नाही. दर वर्षी नवा क्रमांक, नवी पिढी, अनेकदा नवं बोर्ड. कोअर मात्र तेवढेच. कारण विचारणारं कोणी उरलं नव्हतं. एएमडीचा २०११ चा बुलडोझर हा प्रोसेसर फसला होता, आणि २०१५ मध्ये तिचा शेअर दोन डॉलरच्याही खाली घसरला होता. मग मार्च २०१७ मध्ये कंपनीच्या प्रमुख लिसा सू यांच्या कारकिर्दीत पहिले रायझन आले, साध्या गिऱ्हाइकाला परवडतील असे आठ कोअर घेऊन. त्याच ऑक्टोबरमध्ये इंटेलचा ८७००के आला, सहा कोअरचा. पुढच्या वर्षी आठ. सहा वर्षं जे जमत नव्हतं ते काही महिन्यांत जमलं.

ही स्पर्धा दर वेळी सभ्यपणे चालली असंही नाही. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना सवलती देऊन इंटेल आपल्याला बाजाराबाहेर ठेवते, अशी एएमडीची तक्रार होती. २००९ मध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन दावे मिटवले. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. तो २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द केला आणि २०२४ मध्ये अपिलातही तो रद्दच राहिला. कोर्टकचेऱ्यांनी पंधरा वर्षं घेतली. बाजाराचं पारडं फिरलं ते कारखान्यात.

इंटेलची ताकदच मुळी कारखान्यात होती. आराखडा आपला, कारखाना आपला, आणि तंत्र बाकीच्यांच्या दोन-तीन वर्षं पुढे. १४ नॅनोमीटरच्या पुढचं १० नॅनोमीटरचं तंत्र २०१६ च्या आसपास येणार होतं. इंटेलने उडी मोठी मारायची ठरवली: तेवढ्याच जागेत २.७ पट ट्रान्झिस्टर. पण ज्या प्रकाशाने सिलिकॉनवर आकृती उमटवतात त्याची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर. रेघा त्यापेक्षा कितीतरी बारीक. एक आकृती चार-चार टप्प्यांत विभागून उमटवायची, आणि प्रत्येक टप्पा आधीच्याशी अचूक जुळला पाहिजे. ते जुळेना, चकतीवर चांगल्या चिप पुरेशा निघेनात. लॅपटॉपसाठी हे तंत्र पुरेशा संख्येने यायला २०१९ उजाडलं, डेस्कटॉपवर तर २०२१ चा नोव्हेंबर. तोवर टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवर घडलेले रायझन दोन पिढ्या पुढे गेले होते.

इथे मी भाच्याला थांबवलं. सात आणि दहा नॅनोमीटर म्हणजे नेमकी कशाची लांबी?

"कशाचीच नाही."

"म्हणजे?"

"नाव आहे ते. सातच्या चिपमध्ये सात नॅनोमीटरची कुठलीच ठरावीक गोष्ट नसते. दोन शेजारच्या ट्रान्झिस्टरच्या गेटमधलं अंतरच पन्नासच्या वर असतं."

हे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बारा पॉइंटचं अक्षर एका फाँटमध्ये ठसठशीत दिसतं आणि दुसऱ्यात मुंगीएवढं. पॉइंट तोच, आणि लेखक माझ्याशी भांडतो. इंटेलच्या १० नॅनोमीटरमध्ये एका चौरस मिलिमीटरला सुमारे १० कोटी ट्रान्झिस्टर बसत होते, म्हणजे टीएसएमसीच्या ७ ला ते तोडीस तोड होतं. आकड्यात आपण उगाच मागे दिसतो म्हणून इंटेलने जुलै २०२१ मध्ये आपल्या १० नॅनोमीटरच्या सुधारित तंत्राचं नावच बदलून 'इंटेल ७' केलं. माझ्या कोटेशनवरचा १२४०० याच तंत्राने घडलेला.

आता रोज रात्री काहीतरी वाचल्याशिवाय मला झोप येईना. सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकलं ते ज्या यंत्राने या रेघा उमटवतात त्याने. १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशाची दमछाक झाल्यावर १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश हाती घेण्यात आला. तो मिळवायचा कसा, तर निर्वात पोकळीत वितळलेल्या कथलाचे सूक्ष्म थेंब सोडायचे, सेकंदाला सुमारे ५०,०००. प्रत्येक थेंबावर लेझरचे दोन तडाखे: पहिल्याने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने तो पेटून त्यातून हा प्रकाश बाहेर पडतो. सेकंदाला पन्नास हजार वेळा, नेम न चुकता. हा प्रकाश काचेतून जात नाही, हवेतही विरतो. म्हणून भिंगं बाद, सगळा खेळ निर्वात पोकळीत आणि आरशांवर. ते आरसे जर्मनीच्या झाइसचे, यंत्र नेदरलँड्सच्या एएसएमएलचं, किंमत पंधरा कोटी डॉलरच्या वर. आणि हे यंत्र बनवणारी जगात दुसरी कंपनी नाही.

मग मला हळूहळू दिसायला लागलं, की काउंटरवर मला जी स्पर्धा दिसत होती तिच्या मागे, कारखान्यांकडे जावं तशी माणसं कमी होत जातात. दुकानात नावं दोन. ॲपलने २०२० मध्ये इंटेलला सोडून स्वतःचा एम१ आणला, म्हणजे तीन म्हणा. पण एम१ घडला टीएसएमसीमध्ये. रायझनचे कोअर घडतात टीएसएमसीमध्ये. आणि कडी म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या डेस्कटॉपसाठीच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेतली कोअरची चिपही टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटरवर घडलेली. पन्नास वर्षं जिने आपल्या कारखान्यांचा तोरा मिरवला, तीच कंपनी आपल्या सगळ्यात महत्त्वाच्या तुकड्यासाठी शेजाऱ्याच्या दारात रांगेला. इंटेलचे कारखाने बंद पडलेले नाहीत. १८ए नावाचं नवं तंत्र घेऊन ती ॲरिझोनात पुन्हा उभी राहू पाहते आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने तिचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. सरकारला दुकानदारीची हौस नसते. मागच्या बाजूला एकच दार उरलं तर काय होईल, याची ती धास्ती आहे. आपल्याकडे गुजरातेत धोलेऱ्याला टाटा तैवानच्या पीएसएमसीबरोबर कारखाना उभारते आहे, पण तो २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्रांचा. गाड्या, वीज-उपकरणं यांच्या चिप त्यातून निघतील. डेस्कटॉपचा प्रोसेसर नाही.

'रेट आजच्यापुरता' याचाही अर्थ मला त्या आठवड्यातच कळला. रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांनी त्यांचा माल उचलायला सुरुवात केली आणि लॅमिंग्टन रोडवर भाव रोज हलू लागले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याच रॅमचा आकडा चांगलाच फुगला होता. दुकानदार ओशाळून म्हणाला, "मॅडम, माझ्या हातात काही नाही." पूर्वी मला हे नेहमीचं वाक्य वाटलं असतं. या वेळी मी मान डोलावली.

घेतला शेवटी १२४००, ग्राफिक्स चालू असलेला. माझ्या कामात एकेका कोअरचा वेग जास्त लागतो आणि जुन्या प्रकारच्या डीडीआर४ रॅमवर तो चालतो, एवढी दोनच कारणं. इंटेलचा कारखाना तगावा म्हणून वगैरे नाही. माझ्या एका बिलाने ॲरिझोनात काही फरक पडायचा नाही. जोडणी दुकानदाराने माझ्यासमोर करून घेतली. या प्रोसेसरला खाली काटे नसतात. बोर्डावरच्या सॉकेटमध्ये १७०० नाजूक टोकं उभी असतात आणि प्रोसेसर त्यांच्यावर टेकतो. मुलाने कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवला, प्रोसेसर अलगद सोडला आणि दांडी दाबली. ती इतकी करकरली की माझा जीव टांगणीला लागला. "असंच वाजतं, मॅडम," तो म्हणाला.

शेजारी पोरांचा वाद रंगला होता: इंटेलवाले एका बाजूला, एएमडीवाले दुसऱ्या. दोघांच्या आवाजात आपल्या टीमचा कैवार होता. मला त्यात पडावंसं वाटलं नाही. २०११ ते २०१७ या काळात इंटेलवर निष्ठा ठेवणाऱ्याला चार कोअर मिळाले, आणि उद्या इंटेल खचली तर एएमडीही उदार होऊन स्वस्तात विकेल असं मानायला काही आधार नाही. २०२० मध्ये जरा पुढे गेल्याबरोबर तिने नव्या रायझनच्या किमती वाढवल्याच होत्या.

आता कुणी नवखं माणूस मला विचारतं तेव्हा मी दुकानात तीन प्रश्न विचारायला सांगते. ग्राफिक्स चालू आहे का? याच बोर्डावर पुढचा प्रोसेसर बसेल का? आणि हा घडला कुठे? पहिल्या दोन उत्तरांनी आजचे पैसे वाचतात. तिसऱ्याने आज एक रुपयाही वाचत नाही, दुकानदारही वैतागतो. पण पुढच्या खेपेला आपल्याला किती मोजावे लागणार, हे ठरायचं असतं ते तिथेच.